सवय लागलेले मांजर अचानक घरात लघवी का करू लागते?

वर्षानुवर्षे परसात किंवा वाळूच्या ट्रेमध्ये जाणारे मांजर एके दिवशी गादीवर, धुण्याच्या ढिगावर किंवा मोरीत लघवी करते. घरातल्यांना वाटते, ते माजले आहे किंवा राग काढते आहे. खेड्यापाड्यात अशा मांजराला पोत्यात घालून दूर सोडून देण्याचीही पद्धत आहे. प्रत्यक्षात सूड म्हणून लघवी करणे मांजराच्या स्वभावात नाही. जागा बदलण्यामागे बहुतेक वेळा दुखणे, भीती किंवा नेहमीच्या जागेची अडचण यांपैकी एक कारण असते.

आधी पाहायची गोष्ट : लघवी होते आहे का?

मांजर पुन्हा पुन्हा बसते, जोर करते, ओरडते, पण थेंबभरच लघवी येते किंवा काहीच येत नाही, असे असेल तर ती आणीबाणी समजावी. हा धोका बोक्यांना जास्त असतो, कारण त्यांची मूत्रनलिका टोकाकडे फार अरुंद असते. खडे, स्फटिक आणि चिकट स्राव यांचा बोळा तिथे अडकतो. लघवी पूर्ण तुंबली की रक्तातले पोटॅशियम वाढते, हृदयाचे ठोके बिघडतात आणि दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो.

पुष्कळ घरांत हे बद्धकोष्ठ समजले जाते, कारण बसण्याची ढब सारखीच दिसते. अशा वेळी पोट दाबू नये; ताणलेले मूत्राशय फुटू शकते. माणसांचा मुतखड्याचा काढा पाजण्यातही वेळ जातो. पशुवैद्य भूल देऊन बारीक नळीने मार्ग मोकळा करतात आणि सलाइन लावतात. त्यामुळे सोनगीरसारख्या गावातून सकाळची वाट न पाहता सुमारे २० किलोमीटरवरचे धुळे गाठणे शहाणपणाचे ठरते. निघण्यापूर्वी फोन करून मांजरांवर उपचार होतात का आणि नळी घालण्याची सोय आहे का, हे विचारून घ्यावे.

बसून की उभ्याने?

मांजर खाली बसून जमिनीवर भरपूर लघवी करते की उभे राहून, शेपटी वर करून, ती थरथरवत भिंतीवर किंवा दारावर थोडीशी पिचकारी मारते, हे नीट पाहावे. दुसरा प्रकार म्हणजे हद्दीची खूण. वयात आलेले बोके ती सर्वांत जास्त करतात, माज आलेल्या मांजरीही करतात. बोक्याच्या लघवीचा उग्र वास फेलिनीन या द्रव्यामुळे येतो आणि नसबंदीनंतर तो कमी होतो. नसबंदी केलेल्या दहापैकी साधारण नऊ बोक्यांची पिचकारी थांबते किंवा बरीच कमी होते.

बसून करत असेल तर : आजार

तरुण मांजरांत सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे मूत्राशयाचा दाह, आणि त्यात जंतू सहसा सापडत नाहीत. तपासण्या करूनही ठोस कारण हाती लागत नाही. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाचे पशुवैद्य टोनी बफिंग्टन यांनी दाखवले, की या दुखण्याचा मूत्राशयाइतकाच ताणाशीही संबंध आहे. अशा मांजराला लघवी करताना आग होते. जिथे दुखले ती जागा ते टाळते आणि थंड फरशी किंवा मऊ गादी शोधते. लघवीत रक्त दिसू शकते.

जंतुसंसर्ग तरुण मांजरांत कमी आणि दहा वर्षांपुढच्या मांजरांत जास्त आढळतो. म्हाताऱ्या मांजरात मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा थायरॉइडचा विकारही असू शकतो. अशी मांजरे खूप पाणी पितात, खूप लघवी करतात आणि जागेवर पोहोचायला त्यांना उशीर होतो. सांधे दुखत असतील तर उंच कडेच्या ट्रेमध्ये चढणेही नकोसे होते.

खानदेशचा उन्हाळा आणि पाण्याची वाटी

पाळीव मांजराचा पूर्वज पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशातला रानमांजर. कमी पाण्यात भागवणे आणि लघवी घट्ट करणे ही त्याची देणगी. उंदरासारख्या भक्ष्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असते. कोरड्या खाद्याच्या दाण्यांत ते दहा टक्क्यांच्या आसपास. मांजराची तहान ही तूट पुरी भरून काढत नाही. धुळे-जळगावकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा लघवी आणखी घट्ट होते. आहारात दूध-भाकरीच जास्त असेल तर लघवी अल्कधर्मी होऊन स्ट्रुव्हाइट नावाचे स्फटिक बनण्यास वाव मिळतो.

उपाय साधे आहेत. मीठ, कांदा, लसूण न घालता शिजवलेले मांस किंवा मासळी पाण्यासकट द्यावी. दोन-तीन ठिकाणी रुंद तोंडाच्या भांड्यांत पाणी ठेवून ते रोज बदलावे. सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते, पण कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात मांजरासाठी दूध-ताक ठेवू नये. आंबट पदार्थात धातू उतरतो.

घरात काय बदलले?

आजार नसेल तर गेल्या महिन्याभरातले बदल आठवावेत. परसातल्या मातीवर फरशी बसवली, पावसाने जागा चिखलात गेली, वाटेवर नवा कुत्रा आला, रात्री दार लावायला सुरुवात झाली, घरी बाळ किंवा दुसरे मांजर आले, दिवाळीचे फटाके वाजले, अशी कारणे नेहमीची आहेत.

खानदेशात आणखी एक कारण घडते. भाव वाढेल म्हणून शेतकरी वेचलेला कापूस घरातच भरून ठेवतात. मऊ, उकरता येणारा ढीग मांजराला आयती जागा वाटते आणि मालाचे नुकसान होते. इथे मांजराला दोष देण्यापेक्षा कापूस असलेली खोली बंद ठेवून जवळच कोरड्या वाळूची जागा करून देणे सोपे पडते.

ट्रे वापरत असाल तर मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवावा, रोज साफ करावा आणि जेवणाच्या जागेपासून लांब, शांत कोपऱ्यात ठेवावा.

मार नको, फिनेल नको

मारल्याने किंवा लघवीत नाक घासल्याने मांजर फक्त घाबरते. ताण वाढतो, मूत्राशयाचा दाह वाढतो आणि मांजर आणखी लपून लघवी करते.

डाग पुसायला काळे फिनेल किंवा क्लोरोझायलेनॉल असलेले जंतुनाशक वापरू नये. फेनॉल वर्गातील द्रव्ये निकामी करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार कमी असते आणि पायाला लागलेले द्रव्य ते चाटते. याच उणिवेमुळे माणसांची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. अमोनियायुक्त क्लीनरचा वास लघवीसारखाच येतो, त्यामुळे मांजर पुन्हा तिथेच वळते. एन्झाइमयुक्त कपड्यांच्या पावडरचे पाणी लावावे, साध्या पाण्याने धुवावे आणि जागा उन्हात सुकवावी. युरिक आम्लाचे कण उरले तर पावसाळी दमट हवेत वास पुन्हा येतो.

पशुवैद्याला काय सांगावे?

मांजराचे वय, नर की मादी, नसबंदी झाली आहे का, दिवसातून किती वेळा आणि किती लघवी होते, रक्त दिसले का, आहार काय आणि घरात कोणता बदल झाला, एवढे टिपून न्यावे. मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढला तर निदानाला मोठी मदत होते.

मांजर सोडून दिल्याने यातले एकही कारण दूर होत नाही. उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे. शिवाय लघवी तुंबलेला बोका गावाबाहेर सोडला, तर त्याला वाचवण्याची वेळही हातची जाते.