उच्छ्वासावर फिरणारें चाक

मोटारीच्या इंजिनांत जळणाऱ्या पेट्रोलपैकीं किती थोडें चाकांच्या वाट्याला येतें, याची कल्पना मोटारींत बसणाऱ्या पुष्कळांना नसते. जुन्या हिशेबानें बोलावयाचें, तर रुपयांतले सुमारें पांच आणे गाडी हांकण्याच्या कामीं येतात. जवळजवळ तेवढेच आणे इंजिन थंड ठेवणारें पाणी घेऊन जातें. आणि तितकेच मागच्या नळीवाटे धुराबरोबर वाऱ्यावर जातात. धुरांत जाणाऱ्या या पांच आण्यांतून कांहीं परत मिळवितां येईल काय, या प्रश्नांतूनच टर्बोचार्जर नांवाचें यंत्र जन्मास आलें.

त्याची रचना समजण्यास अवघड नाहीं. इंजिनांत किती पेट्रोल जाळतां येईल, हें आंत किती हवा शिरते यावर अवलंबून असतें. साधें इंजिन आपल्या बळानें जेवढी हवा ओढील, तेवढीच त्याची मजल. परंतु बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या झोतांत एक लहान चाक ठेवलें, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास आणखी एक चाक बसविलें, आणि या दुसऱ्या चाकानें बाहेरची हवा दाबून इंजिनांत लोटली, तर लहान इंजिन मोठ्या इंजिनाचें काम करूं लागतें. उच्छ्वासानेंच श्वासाला बळ द्यावें, अशी ही योजना आहे.

मात्र हें बळ फुकट मिळत नाहीं. दाबलेली हवा तापते. तापलेलें मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोंचण्यापूर्वींच आपणहून पेट घेतें, आणि दट्ट्यावर हातोडी मारल्यासारखा ठोका बसतो. शिवाय तो दांडा एका टोकाला लालभडक उष्णतेंत असून तेलाच्या पातळ थरावर तरंगत, मिनिटाला लाखावर फेरे घेत असतो. तेव्हां या जादा शक्तीची राखण कोणी करावयाची, हा प्रश्न आरंभापासूनच उभा राहिला. आणि लहान टर्बो इंजिनाचा इतिहास म्हणजे या प्रश्नाला निरनिराळ्या काळीं दिलेल्या उत्तरांचा इतिहास होय.

मूळ कल्पना स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथील इंजिनियर आल्फ्रेड ब्यूशी यांची. त्यांनीं १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. पहिल्या महायुद्धांत विमानें उंच जाऊं लागलीं, आणि विरळ हवेंत इंजिनांचा दम तुटूं लागला, तेव्हां या कल्पनेकडे लक्ष गेलें. १९१८ सालीं अमेरिकन इंजिनियर सॅनफर्ड मॉस यांनीं कोलोरॅडोमधील पाइक्स पीक या सुमारें १४,००० फूट उंच पर्वतावर लिबर्टी नांवाचें विमानाचें इंजिन नेऊन त्याची परीक्षा घेतली. खालीं सुमारें ३५० अश्वशक्ति देणारें हें इंजिन शिखरावर एऱ्हवीं २३० वर आलें होतें. टर्बोचार्जर जोडतांच तें पुन्हां ३५० च्या वर गेलें. पुढें जहाजांच्या व मालमोटारींच्या डिझेल इंजिनांनाही हें यंत्र मानवलें, कारण डिझेल इंजिनांत आधीं केवळ हवाच दाबली जाते व ठोक्याचें तें भय तेथें नसतें. पेट्रोलच्या मोटारीला मात्र आणखी बराच काळ वाट पाहावी लागली.

१९६२ सालीं अमेरिकेंत जनरल मोटर्सच्या दोन शाखांनीं जवळजवळ एकाच वेळीं हें धाडस केलें. शेव्हरोलेनें कॉर्व्हेअर गाडीच्या इंजिनांतील दाबाचें प्रमाण उतरवून ठोका टाळला. ओल्ड्समोबाइलच्या जेटफायर गाडीनें दुसरा मार्ग धरला. तिच्या साडेतीन लिटरच्या इंजिनांतील दाबाचें प्रमाण १०.२५ इतकें चढेंच ठेवलें होतें, आणि २१५ घनइंचांच्या इंजिनांतून २१५ अश्वशक्ति काढली होती. मिश्रण थंड राहावें म्हणून शुद्ध पाणी व मिथेनॉल यांचें एक द्रावण त्यांत फवारलें जाई. त्या द्रावणाची टांकी वेळोवेळीं भरण्याचें काम गाडीच्या मालकाकडे होतें. येथेंच योजना फसली. पेट्रोल भरावयास न विसरणारा मनुष्य टांकी मात्र विसरे. ती रिती झाली कीं एक झडप मिटे आणि गाडी निर्जीव होऊन चाले. दोन वर्षांत दहा हजारांहून कमीच गाड्या निघाल्या, आणि पुढें त्यांतील अनेकांवरचें हें यंत्र उतरवून साधें कार्बुरेटर बसविण्यांत आलें. मालकानें राखण करावी, हें पहिलें उत्तर असें वायां गेलें.

दुसरें उत्तर जर्मनींतून आलें. १९७३ सालच्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनांत बी. एम्. डब्ल्यू. कंपनीनें २००२ टर्बो ही गाडी मांडली. इंजिन १,९९० घनसेंटिमीटरचें, शक्ति १७० अश्व. ठोका टाळण्यासाठीं दाबाचें प्रमाण ६.९ पर्यंत खालीं आणलें होतें. परिणाम असा झाला कीं, टर्बोचें चाक वेग घेईपर्यंत इंजिन सुस्त राही, आणि मग एकाएकीं सारी शक्ति अंगावर येई. ओल्या वळणावर अशी शक्ति हातीं आली, तर सराईत चालकाचीही धांदल उडे. त्यांतच त्या वर्षीं तेलाची टंचाई युरोपभर पसरली. १९७५ पर्यंत केवळ १,६७२ गाड्या तयार होऊन ही मालिका थांबली. येथें राखण चालकाच्या कौशल्यावर सोंपविली होती.

खरी वाट दाखविली ती स्वीडनच्या साब कंपनीनें. विमानांच्या धंद्यांतून आलेल्या या कंपनीजवळ मोठें इंजिन नव्हतें, आणि नवें घडविण्याइतका पैसाही नव्हता. तिच्या इंजिनियरांनीं लहान टर्बो घेतला. लहान चाक लौकर गति घेतें, म्हणून रोजच्या रस्त्यावरील मध्यम वेगांत शक्ति मिळे. आणि दाब मर्यादेबाहेर चढूं लागला, कीं एका झडपेंतून जादा वायु टर्बोला वळसा घालून निघून जाई. १९७७ सालीं दाखविलेल्या आणि १९७८ पासून विकल्या गेलेल्या साब ९९ टर्बोचें इंजिन १,९८५ घनसेंटिमीटरचें असून १४५ अश्वशक्तीचें होतें. पुढें १९८२ च्या गाड्यांत पेर यिलब्रान्द यांच्या पुढाकारानें इंजिनाच्या अंगावर ठोका ऐकणारा एक कानच बसविण्यांत आला. ठोक्याची चाहूल लागतांच विजेचें नियंत्रण ती झडप उघडी व दाब उतरवी. हलकें पेट्रोल भरलें तरी इंजिन दगावत नसे, केवळ थोडें मंदावे. राखण करण्याचें काम अशा रीतीनें माणसाकडून यंत्राकडे गेलें.

एक दुखणें तरीही राहिलें. गाडी दौडवून आणून एकदम बंद केली, कीं तेलाचा प्रवाह थांबे. तापलेल्या बेअरिंगमध्यें अडकलेलें तेल करपून त्याचा कोळसा होई आणि दांडा झिजूं लागे. म्हणून त्या काळच्या चालकांना, इंजिन बंद करण्यापूर्वीं मिनिटभर तसेंच चालू ठेवावें, असा उपदेश केला जाई. पुढें बेअरिंगभोंवतीं पाणी खेळविण्याची सोय झाल्यावर हें दुखणें पुष्कळ कमी झालें. तोंपर्यंत इंजिनें किती लहान होऊं शकतात, हेंही जपाननें दाखविलें होतें : १९८७ च्या सुझुकी आल्टो वर्क्सनें ५४३ घनसेंटिमीटरच्या तीन सिलिंडरांतून ६४ अश्वशक्ति काढली.

नव्या शतकांत टर्बोचा हेतूच पालटला. पूर्वीं तो वेगासाठीं होता. आतां तो काटकसरीसाठीं आला. युरोपीय संघानें २००९ सालीं मोटारींच्या धुरांतील कर्बवायूवर मर्यादा घालणारा कायदा केला, आणि मोठीं इंजिनें टाकून लहान टर्बो इंजिनें घेण्याची चढाओढ लागली. या पिढीचा आदर्श नमुना म्हणजे फोर्डचें १ लिटरचें इकोबूस्ट. इंग्लंडमधील डंटन येथें आंखलेलें हें इंजिन २०१२ सालीं फोकस गाडींत आलें. तीन सिलिंडर, ९९९ घनसेंटिमीटर, व्यास ७१.९ व धांव ८२ मिलिमीटर, दाबाचें प्रमाण १०, शक्ति १०० किंवा १२५ अश्व. त्याचा टर्बो मिनिटाला सुमारें २,४८,००० फेऱ्यांपर्यंत जातो. पेट्रोल थेट सिलिंडरांत फवारलें जात असल्यानें तें आंतच थंडावा देतें. जेटफायरच्या टांकीचें काम येथें पेट्रोलच करतें. २०१२, २०१३ व २०१४ अशीं लागोपाठ तीन वर्षें त्याला त्या त्या वर्षाचें सर्वोत्कृष्ट इंजिन म्हणून आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालें.

परंतु गौरवाबरोबर दोषही उघड झाले. झडपा चालविणारा दांतेरी पट्टा या इंजिनांत तेलांत भिजत फिरतो. घर्षण व आवाज कमी व्हावा, हा त्यांतील हेतु. पट्टा दहा वर्षें टिकावा अशी अपेक्षा होती. पण भलतेंच तेल घातलें किंवा तें वेळेवर बदललें नाहीं, तर पट्ट्याचा कीस सुटून तेलाच्या पंपाची गाळणी तुंबे, दाब नाहींसा होई, आणि धडधाकट इंजिन वंगणाविना जळून जाई. पुढील आवृत्तींत झडपांसाठीं साखळी आली. आरंभींच्या कांहीं गाड्यांत पाण्याची एक नळी फुटून इंजिन तापण्याचे प्रकार झाले. जेथें थोड्या धातूंत एवढी उष्णता कोंडलेली असते, तेथें पाणी थोडें उणें झालें तरी मोठी हानि होते.

आणखी दोन दुखणीं एका कंपनीचीं नसून या साऱ्या पिढीचींच आहेत. थेट फवाऱ्यामुळें पेट्रोल आंत येण्याच्या झडपांना धुवीत नाहीं, म्हणून त्यांवर काजळी सांचते. आणि कमी फेऱ्यांवर भार टाकला, तर सिलिंडरांतील तेलाचे सूक्ष्म थेंब ठिणगीपूर्वींच पेट घेतात. या आघातानें दट्ट्या फुटूं शकतो. तेलांतील कॅल्शियम या पेटण्यास साहाय्य करतें असें आढळल्यावर २०१८ सालीं अमेरिकेंत तेलाची नवी प्रत ठरविण्यांत आली. इंजिनाचें दुखणें तेलाच्या कृतींत फेर करून बरें करावें लागलें, ही गोष्ट या यंत्राच्या स्वभावावर पुरेसा प्रकाश टाकते.

हीं इंजिनें महाराष्ट्रालाही आतां परकीं राहिलेलीं नाहींत. टाटांच्या नेक्सॉन गाडीचें १.२ लिटरचें टर्बो इंजिन २०१७ सालीं ११० अश्वशक्तीनें बाजारांत आलें, आणि ती गाडी पुण्याजवळच्या रांजणगांवीं बनूं लागली. चाकणच्या कारखान्यांतून २०२१ पासून निघालेल्या स्कोडा व फोक्सवागेन गाड्यांत ९९९ घनसेंटिमीटरचें, ११५ अश्वशक्तीचें इंजिन आहे. बोरघाट किंवा कशेडीचा घाट चढतांना पूर्वीं दीड लिटरच्या इंजिनानें जें करावें, तें हें एक लिटरचें इंजिन सहज करतें.

राखणीचा प्रश्न मात्र फिरून मालकाच्याच दारांत आला आहे. ठोका यंत्र ऐकतें, दाब यंत्र राखतें; पण तेल कोणतें घातलें, केव्हां बदललें, पाण्याची पातळी पाहिली कीं नाहीं, हें कोणत्याही झडपेच्या हातीं नाहीं. वरच्या गिअरमध्यें इंजिन गुरगुरत असतां चढावर जोर लावूं नये, एक गिअर उतरावा. नेमून दिलेलें तेलच घालावें. आणि घाटमाथ्यावर थांबल्यावर इंजिनाला क्षणभर उसंत द्यावी. जेटफायरच्या मालकांकडून द्रावणाची टांकी भरण्यापुरतीच अपेक्षा होती, आणि तेवढ्याही विस्मृतीनें ती गाडी इतिहासजमा झाली.