मांडवातली पत्रावळ
वारली लग्नात मांडव झाडाच्या फांद्यांचा. गेरू दिलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, लग्न लावते धवलेरी, म्हणजे बाईच. मुंबईतही आरे-बोरिवलीच्या जंगलात वारली पाडे आहेत.

आपल्या पंगतीही पळसाच्या पत्रावळीवर उठायच्या. मग थर्माकोल आलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. नाले तुंबले, त्यात प्लास्टिकही होतं. २०१८ साली राज्याने प्लास्टिक-थर्माकोलच्या ताटांवर बंदी आणली.

कायदा झाला, पण पंगत आपल्या हातात आहे. आपल्या गटाने पत्रावळी लावल्या तर लग्नाचा पैसा गावात राहील आणि उष्टी पत्रावळ उकिरड्यात कुजून खत होईल. यंदाच्या पहिल्या लग्नापासून सुरुवात करूया.