फुले रंगविणाऱ्या एलिझाबेथबाई

चिटणीसबाईंनी यंदा आग्रहच धरला, की स्मरणिकेसाठी तुम्हीही चार ओळी लिहा. मी सातवी शिकलेली बाई. रांगोळी आणि भरतकाम यापलीकडे माझा कलेशी संबंध नाही. त्यातही एकदा माझ्या भरतकामाचा पडदा पाहून एक पाहुणे म्हणाले होते, “फुलेच तर काढलीत, त्यात काय मोठेसे?” ते शब्द मनात राहिले होते. पुढे भाचीने चित्रांचे एक पुस्तक दाखविले आणि मला त्यांचे उत्तर सापडले. ती चित्रे होती स्कॉटलंडच्या एलिझाबेथ ब्लॅकॅडर यांची.

एलिझाबेथबाईंचा जन्म फॉलकर्क गावी २४ सप्टेंबर १९३१ रोजी झाला. त्या दहा वर्षांच्या असताना वडील वारले. आईला शिक्षिका व्हायचे होते. पण तिच्या वडिलांनी तिला गृहशास्त्र शिकायला लावले होते. आपले राहिले ते मुलीचे राहू नये, म्हणून त्या माउलीने मुलीच्या शिक्षणाची फार काळजी घेतली. बालपणीचा काही काळ त्या समुद्रकाठच्या स्ट्रोन गावी आजीजवळ होत्या. मुलीला रानफुलांचा नाद. ती फुले गोळा करी, दाबून वाळवी आणि प्रत्येकाजवळ त्याचे शास्त्रीय नाव लिहून ठेवी.

१९४९ ते १९५४ या काळात एडिंबरो येथे त्यांचे कलाशिक्षण झाले. विल्यम गिलीज हे नामवंत चित्रकार त्यांचे गुरू. १९५६ साली जॉन ह्यूस्टन या चित्रकाराशी त्यांचा विवाह झाला. पुढे १९६२ पासून १९८६ पर्यंत त्यांनी एडिंबरोच्या कला महाविद्यालयात शिकविण्याचे काम केले.

त्या तैलरंगातही काम करीत, पण त्यांचे नाव झाले ते मुख्यतः जलरंगांमुळे. आपल्याच बागेतील आयरिस आणि लिली, घरातील मांजरे, प्रवासातून आणलेल्या लहानसहान वस्तू, हेच त्यांचे विषय. फुलदाणी नाही, मागे पडदा नाही. पांढऱ्या कागदावर एकेक फूल सुटे सुटे मांडलेले. १९८५ साली त्या जपानला गेल्या. तेथील कला त्यांना फार भावली आणि मोकळ्या जागेचे महत्त्व त्यांच्या चित्रांत अधिकच दिसू लागले. भगिनींनो, जलरंग सोपा वाटतो, पण तसा नाही. रांगोळी पुसून पुन्हा घालता येते; येथे एकदा ओला रंग कागदाने प्यायला, की तो सहसा मागे घेता येत नाही. शिवाय फूल काही थांबत नाही. चित्र होईपर्यंत कळी उमलते, पाकळी गळते. हात स्थिर आणि नजर पक्की हवी.

अशा चित्रांना मान मिळणे सोपे नव्हते. लंडनची रॉयल अकादमी १७६८ साली निघाली, तेव्हा तिच्या संस्थापकांत दोनच स्त्रिया होत्या. त्यांतील मेरी मोझर या फुलांच्या चित्रांसाठीच प्रसिद्ध. पण त्या काळी सभासदांचे जे एक सामूहिक चित्र काढले गेले, त्यात पुरुष मंडळी दालनात जमलेली आणि या दोघी मात्र भिंतीवरच्या तसबिरीत! त्यानंतर स्त्रीला पूर्ण सभासदत्व मिळाले ते एकदम १९३६ साली, लॉरा नाइट यांना.

एलिझाबेथबाईंना स्कॉटलंडच्या अकादमीने १९७२ साली आणि लंडनच्या अकादमीने १९७६ साली पूर्ण सभासद करून घेतले. दोन्हीकडे हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९९५ साली त्यांच्या मांजरांची चित्रे ब्रिटनच्या टपाल तिकिटांवर झळकली. २००१ साली त्या राणीच्या स्कॉटलंडमधील चित्रकार झाल्या. त्या पदावरही त्या पहिल्याच स्त्री. २३ ऑगस्ट २०२१ रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हे सारे कशाच्या बळावर? बागेतली फुले आणि घरातली मांजरे! आपल्याही परसात जास्वंद आहे, मोगरा आहे. पण पूजेला तोडताना आपण त्यांच्याकडे नीट पाहतो का? यंदा वर्धापनदिनाच्या रांगोळीसाठी मी नेहमीचे कमळ न काढता दारची जास्वंद समोर ठेवून, निरखून काढणार आहे. कुणी “फुलेच तर काढलीत” म्हणाले, तर त्यांना एलिझाबेथबाईंची ही हकीकत सांगेन.

लिहिण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास भगिनींनी सांभाळून घ्यावे.