लेकुरवाळी भाजी : एका पातेल्याचा इतिहास

मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, असंख्य मराठी घरांत एक मिश्र भाजी शिजते. वांगी, गाजर, वाल, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, ओले शेंगदाणे, घेवडा, बटाटा, क्वचित दोनचार बोरे, आणि या साऱ्यांना एकत्र धरून ठेवणारे तिळाचे कूट. सोबतीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. देशावर या भाजीला कोणी खेंगट म्हणतात, कोणी लेकुरवाळी भाजी. एका आईच्या अंगाखांद्यावर अनेक लेकरे असावीत तशा एका पातेल्यात अनेक भाज्या. विठ्ठलाला लेकुरवाळा म्हणणाऱ्या भाषेला हे नाव सुचावे, यात नवल नाही. 'न खाई भोगी तो सदा रोगी' ही म्हण तर आपण सर्वांनीच लहानपणी ऐकलेली असते.

आम्ही मराठी शिकवणारी माणसे. पाककृती सांगणे हा आमचा अधिकार नव्हे आणि हेतूही नव्हे. या भाजीकडे आमचे लक्ष वळले ते उत्तरपत्रिका तपासताना. सणांवरील निबंधांत एक वाक्य हटकून येते : 'प्राचीन काळापासून आपल्याकडे ही परंपरा चालत आली आहे.' वर्षानुवर्षे आम्ही त्या वाक्यावर बरोबरची खूण करीत आलो. मग केव्हातरी आमच्या मनात आले, की ही भाजी नेमकी किती प्राचीन आहे? आणि 'आपल्याकडे' म्हणजे कोणाकडे? प्रस्तुत लेख या दोन प्रश्नांचा मागोवा आहे. तो आम्ही नंदुरबार जिल्ह्यातून घेत आहोत, कारण हिवाळ्यातील मिश्र भाजीचा इतिहास उलगडण्यास याहून योग्य जागा आम्हांस दुसरी दिसत नाही.

प्रथम भाजी शिजते कशी ते पाहू, कारण इतिहास तिच्या शिजण्यातही आहे. सारे एकदम घालून चालत नाही. वाल, पावटा, सोलाणे आणि शेंगदाणे यांना वेळ लागतो, म्हणून ते आधी. गाजर आणि बटाटा त्यानंतर. वांगे लवकर विरघळते, म्हणून ते उशिरा. चाकवतासारखी पालेभाजी घालायची असेल तर ती सर्वांत शेवटी. तिळाचे कूट रस्सा दाट करते, आणि थंडीत शरीराला जो स्निग्धांश हवा असतो तो पुरवते. चव कोणा एका भाजीची नसते. गाजराची गोडी, वांग्याचा मऊपणा आणि वालाचा किंचित उग्र दर्प एकमेकांत उतरले, की भाजी जमली म्हणायची.

आता या लेकरांची जन्मगावे शोधू. वांगे आणि तीळ हे बहुधा आपल्या भूमीचेच. हडप्पा येथे जळलेले तीळ सापडले आहेत. हरभरा पश्चिम आशियातून आला, बाजरी आफ्रिकेतून, आणि वालाचे रानटी पूर्वजही आफ्रिकेतलेच. परंतु ही येणी फार जुनी. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत जव, मसूर, कुळीथ यांच्याबरोबर वालाचे दाणे मिळाले आहेत. त्याच युगातील वस्ती नंदुरबार जिल्ह्यातही होती. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा येथे १९५५ च्या सुमारास बी. के. थापर यांनी उत्खनन केले, तेव्हा माळवा आणि जोर्वे पद्धतीची रंगवलेली मृद्भांडी हाती आली. आज दक्षिण काशी म्हणून भाविक जेथे स्नानाला जातात, तेथे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी मातीच्या भांड्यात काही शिजवीत होते. तेवढ्यापुरते विद्यार्थ्यांचे 'प्राचीन काळापासून' खरे मानावे लागते.

पण पातेल्यातील उरलेल्या भाज्यांचे काय? बटाटा, शेंगदाणा, घेवडा आणि मिरची हे चारही अमेरिका खंडाचे रहिवासी. १४९२ पूर्वी ते आपल्याकडे असणे शक्यच नव्हते. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, आणि पुढील काळात पश्चिम किनाऱ्यावरून ही मंडळी हळूहळू वर चढली. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लास' रचला, त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात तिखटासाठी मिरे आहे, मिरची नाही. 'लीळाचरित्रा'त खाण्यापिण्याचे उल्लेख जागोजागी आहेत. चक्रधरांच्या भोवतीचे ते सारे जग मिरचीवाचून जेवत होते, ही गोष्ट वर्गात सांगितली की विद्यार्थी चकित होतात.

भाषेच्या अभ्यासकाला यापुढचा पुरावा अधिक जवळचा वाटेल. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगिजांकडून जसाच्या तसा आला, आणि त्यांनी तो कॅरिबियन बेटांवरील रताळ्याच्या नावावरून उचललेला. उत्तरेने मात्र जुन्या कंदाचे 'आलू' हे नाव नव्या कंदाला दिले. 'कोबी'चे मूळही पोर्तुगीजच. 'मिरची' हे नाव आपण 'मिरे' या जुन्या शब्दावरून घडवले. नव्या तिखटाला जुन्या तिखटाच्या नात्यात घेतले. सर्वांत गमतीची कथा 'फरसबी'ची. श्रावणघेवड्याला मुंबई-कोकणाकडे जे हे नाव आहे, ते इंग्रजीतल्या 'फ्रेंच बीन्स'चे मराठी तोंडात घडलेले रूप. म्हणजे मूळ अमेरिकन, इंग्रजांनी फ्रेंच ठरवलेली आणि मराठीने स्वतःची करून घेतलेली ही शेंग भोगीच्या भाजीत निमूट बसली आहे. उपवासाचे ताट पाहिले तर हे अधिकच ठसते. बटाटा, शेंगदाणा, मिरची, आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, हे सारे अमेरिकेचे. धर्मशास्त्राने कांदा-लसूण वर्ज्य केले आणि समुद्रापलीकडून आलेल्यांना मात्र आत घेतले.

फ्रेंचांचा उल्लेख निघालाच आहे तर तो थोडा पुढे नेऊ, कारण एक फ्रेंच माणूस आमच्या जिल्ह्यातून गेलेला आहे. रत्नांचा व्यापारी झां-बाप्तिस्त टॅव्हर्निअर १७ व्या शतकात अनेकदा हिंदुस्थानात आला. त्याचे प्रवासवर्णन १६७६ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाले. सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाणारा रस्ता सांगताना तो बारडोली, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशी मुक्कामांची साखळी देतो. नवापूरजवळ तो रेंगाळतो, ते तेथल्या भातामुळे. दाणा बारीक, शिजल्यावर बर्फाहून पांढरा, कस्तुरीसारखा सुगंध, आणि इराणात कोणाला भेट न्यायची तर या तांदळाचे पोते न्यावे, असे तो लिहितो. हिऱ्यांची पारख करणाऱ्या माणसाने नवापूरच्या तांदळाची अशी पारख करून ठेवली, याचे आम्हांस आजही अप्रूप वाटते.

टॅव्हर्निअर या रस्त्याने जात होता त्याच काळात, १६५१ मध्ये, त्याच्या देशात ला व्हारेन याचा पाकग्रंथ छापला गेला. फ्रेंच पाकशास्त्राच्या इतिहासात तो टप्पा मानतात. परंतु ते उमरावांचे स्वयंपाकघर. फ्रेंच शेतकऱ्याचे हिवाळी अन्न म्हणजे विस्तवावर दिवसभर मंद शिजणारे एक भांडे. त्यात कोबी, गाजर, सलगम, वाटाणे, परवडले तर मांसाचा तुकडा. 'पोताज' हा शब्दच भांड्यावरून आला, आणि 'पो-तो-फ' म्हणजे अक्षरशः विस्तवावरचे भांडे. 'सूप' या शब्दाचा मूळ अर्थ तर रस्सा नव्हेच. ज्यावर रस्सा ओतायचा तो पावाचा तुकडा म्हणजे 'सूप'. शिळा पाव आणि वर गरम रस्सा. आपण भाकरी कुस्करून त्यावर रस्सा घेतो आणि त्याला काला म्हणतो, तीच ही कृती. (संस्कृतातील 'सूप' म्हणजे वरण.) त्या फ्रेंच भांड्यातही बटाटा उशिराच आला. पॅरिसच्या वैद्यकीय विद्यापीठाने तो खाण्यास योग्य असल्याचा निर्वाळा दिला तो १७७२ मध्ये. तोवर फ्रान्समध्ये पुष्कळ ठिकाणी लोक त्याकडे संशयाने पाहत. आज बटाट्यावाचून फ्रेंच हिवाळी भांड्याची कल्पना करवत नाही. 'अस्सल' म्हणून जे मिरवले जाते ते किती अलीकडचे असते, हे समजायला हा दाखला पुरेसा आहे.

नंदुरबारला परतू. हिवाळ्यात या शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडतात. मोकळ्या माळावर लाल मिरची वाळत घातलेली दुरूनही दिसते, आणि वारा फिरला की शहर ठसकते. देशातील मोठ्या मिरचीबाजारांत नंदुरबारची गणना होते. चारपाचशे वर्षांपूर्वी जी वस्तू या खंडात नव्हती, तिच्यावर आज एका जिल्ह्याची ओळख उभी आहे. संक्रांतीच्या सुमारास येथे आणखी एक गोष्ट घडते. भोगीची भाजी आणि उंधियू एकाच गल्लीत शेजारी शेजारी शिजतात. 'ऊंधुं' म्हणजे उलटे. मडके पालथे घालून जमिनीत पुरायचे आणि वर जाळ करायचा, ही मूळ पद्धत. त्यात सुरती पापडी, कंद, रताळी, वांगी, बटाटे आणि मेथीचे मुटके. सुरती पापडी म्हणजे वालच. इनामगावच्या राखेत मिळालेला वाल अशा रीतीने भोगीच्या पातेल्यात आणि उंधियूच्या मडक्यात आजही हजर आहे. राज्याची सीमा नवापूरच्या रेल्वेस्थानकातून गेलेली असली, तरी वालाला ती ठाऊक नाही. ग्रिअर्सनने १९०७ मध्ये भाषासर्वेक्षणाचा भिल्ली भाषांचा खंड काढला, तेव्हा खानदेशीला त्याने मराठीत न घालता त्या खंडात घातले. त्यावर वाद झाले, होत राहतील. आम्हांला एवढेच दिसते, की अहिराणी, भिल्ली, पावरी, मावची, गुजरी आणि मराठी ज्या बाजारात एकाच वेळी बोलल्या जातात, तेथे भाषेचे पातेलेही लेकुरवाळेच असायचे.

येथवर लिहून थांबलो असतो तर हा लेख सुखाचा झाला असता. परंतु 'आपल्याकडे' या शब्दाचा प्रश्न अजून शिल्लक आहे.

मराठीतील छापील पाकग्रंथांची परंपरा रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 'सूपशास्त्रा'पासून, म्हणजे १८७५ पासून, सांगतात. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' आले, १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा'. ही पुस्तके मोलाची आहेत. त्यांच्यामुळे बायकांच्या हातातले ज्ञान कागदावर आले. पण त्यांतील स्वयंपाकघर मुख्यतः शिकलेल्या, शहरी, वरच्या जातींच्या घरांतले. सातपुड्यातील चुलीवर मक्याची किंवा ज्वारीची भाकर आणि उडदाची डाळ शिजते, तिचा त्यांत मागमूस नाही. खरे तर तो मकाही अमेरिकेचाच. म्हणजे बटाटा-मिरचीइतकाच जागतिक इतिहास त्या चुलीलाही आहे. फक्त तो कोणी लिहिला नाही, म्हणून तिला 'आदिम' म्हणायचे आणि भोगीच्या भाजीला 'परंपरा'.

आणि भोगीच्या दिवशी त्या चुलीजवळ कोण असते? दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या भागांतील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडणीसाठी घर सोडतात. त्यांतली बरीच दक्षिण गुजरातेत जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमान यांनी १९७० च्या दशकात बारडोली परिसरातील ऊसतोडणी कामगारांचा अभ्यास केला, तेव्हाही खानदेशातून येणाऱ्या या टोळ्या त्यांच्या लेखनाचा विषय होत्या. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजला जातो, म्हणजे माणसे हत्याराच्या नावाने ओळखली जातात. टॅव्हर्निअर ज्या रस्त्याने बारडोलीहून नवापूरला आला, त्याच रस्त्याने ही कुटुंबे उलट दिशेने जातात. तो तांदळाची स्तुती लिहून गेला. यांचे प्रवासवर्णन कोणत्याही अभ्यासक्रमात नाही.

संक्रांतीला आपण सुगडात उसाचे करवे ठेवतो. ते तोडणारे हात त्या दिवशी फडावर, पालात असतात. आमच्या वर्गांतील काही बाकेही त्या महिन्यांत रिकामी होतात आणि होळीच्या आसपास पुन्हा भरतात, कारण होळीला सातपुड्याकडे परतायचेच असते. हजेरी घेताना आम्ही 'गैरहजर' असे लिहितो. त्या नोंदीमागे हा सारा हिवाळा असतो, हे आम्हांला उशिरा उमगले, हे येथे कबूल केले पाहिजे.

म्हणून यंदा आम्ही निबंधाचा विषय थोडा बदलला. 'माझा आवडता सण' याऐवजी 'आमच्या घरी हिवाळ्यात काय शिजते, आणि ते कोठून येते' असा विषय दिला. बाहेर गेलेल्यांसाठी तो होळीनंतरही खुला ठेवला. उत्तरे अजून यायची आहेत. ती अहिराणीत आली, पावरीत आली, मिश्र आली तरी आम्ही ती घेणार आहोत. आणि 'प्राचीन काळापासून' हे वाक्य दिसलेच, तर त्याखाली रेघ ओढून समासात दोनच शब्द लिहायचे ठरवले आहे : 'कोणाच्या चुलीवर?'