बुडबुडे आणि बूच

घरीं द्राक्षासव करणाऱ्यास नेहमीं एकच प्रश्न पडतो: रस आंबून पुरा झाला कीं नाहीं? बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलें, अशी जुनी समजूत आहे. पण ती फसवी आहे. थंडी पडली कीं किण्व सुस्तावतें, बुडबुडे थांबतात आणि साखर मात्र रसांत तशीच राहते.

या चुकीची किंमत फ्रान्समधील शांपेन प्रांतानें फार मोजली. हिवाळ्यांत शांत झालेलें मद्य बाटल्यांत बंद करावें आणि वसंतांत ऊब लागतांच बाटल्या फुटाव्यात! एकोणिसाव्या शतकांत तेथील तळघरांतले कामगार तोंडावर लोखंडी मुखवटे घालीत.

साखरेचे मद्यार्क व कर्बाम्ल वायु होतात, हें लाव्हाझियेनें १७८९ सालीं सांगितलें होतें. त्या आधारावर शालों येथील औषधविक्रेते फ्रांस्वा यांनीं १८३६ च्या सुमारास मद्यांतील उरलेली साखर घनतामापकाच्या साहाय्यानें मोजण्याची रीत बसविली, आणि फुटणाऱ्या बाटल्या पुष्कळ कमी झाल्या.

आजही घरीं तोच मार्ग. पाण्याची घनता १.००० धरली, तर द्राक्षांचा गोड रस १.०९० च्या आसपास भरतो. साखर सरली कीं आंकडा सुमारें ०.९९५ वर येतो. तेथें तो कांहीं दिवस स्थिर राहिला, तर काम झालें. १.०२० वरच अडला, तर किण्व निजलें आहे, मेलें असेंही नाहीं. त्यास ऊब द्यावी.

बुडबुडे अवश्य पाहावेत. परंतु बूच मारण्यापूर्वीं आंकड्यासच विचारावें.