शिगेहारू मुराता : पर्ल हार्बर ते सांताक्रूझ

पर्ल हार्बरच्या हल्ल्याचे नाव निघाले की मित्सुओ फुचिदा आठवतो, कारण आकाशातील संपूर्ण नेतृत्व त्याच्याकडे होते. परंतु त्या सकाळी सर्वांत घातक घाव घातला तो ४० टॉर्पेडो विमानांनी, आणि त्यांच्या अग्रभागी होता लेफ्टनंट कमांडर शिगेहारू मुराता. आजचा धागा त्याच्याविषयी.

डिसेंबर १९३७ मध्ये नानजिंगजवळ यांगत्से नदीत ‘पनाय’ ही अमेरिकन गनबोट जपानी विमानांनी बुडवली. त्या वेळी अमेरिका तटस्थ होती. जपानने माफी मागितली, भरपाईही दिली. तिच्यावर बॉम्ब टाकणाऱ्या एका तुकडीचा प्रमुख मुराताच होता. अमेरिकन आरमाराशी त्याची गाठ अशी चार वर्षे आधीच पडली होती.

टॉर्पेडो टाकणे म्हणजे काय, हे येथे समजून घेतले पाहिजे. विमानाच्या पोटाखाली सुमारे ८०० किलोचे अस्त्र. ते अचूक सोडायचे तर वैमानिकाने लाटांच्या जवळ उतरायचे, वेग आणि दिशा स्थिर ठेवायची आणि समोरून तोफा धडधडत असताना वळायचे नाही. बॉम्ब उंचावरून टाकता येतो. येथे शत्रूच्या तोंडावरच जावे लागते.

पर्ल हार्बरची अडचण निराळी होती. तेथे पाण्याची खोली जेमतेम १२ मीटर. विमानातून टाकलेला टॉर्पेडो आधी खोल बुडी मारतो, म्हणजे तो तळाच्या चिखलातच रुतायचा. उपाय दुहेरी निघाला: शेपटीला पाण्यावर आपटताच निखळणारे लाकडी पंख, आणि कागोशिमाच्या आखातात अतिशय कमी उंचीवरून उडण्याचा अखंड सराव. माझ्या मते लाकडी पंखांचे कौतुक गरजेपेक्षा जास्त होते. पंख सुतारही घडवील. तो हात घडायला वर्षे लागतात.

७ डिसेंबर १९४१ रोजी ‘ओक्लाहोमा’ उलटली, ‘वेस्ट व्हर्जिनिया’ तळाशी बसली. ४० पैकी पाच टॉर्पेडो विमाने परतली नाहीत.

जून १९४२ मधील मिडवेला मुराता ‘अकागी’ या विमानवाहू नौकेवर होता. त्याची विमाने शत्रूच्या नौकांसाठी टॉर्पेडो लावून सज्ज होती. मग बेटावर टाकण्यासाठी बॉम्ब लावा म्हणून आज्ञा आली, मग पुन्हा टॉर्पेडो लावा म्हणून. या घोळातच अमेरिकन विमाने वरून कोसळली. ‘अकागी’ गेली, मुराता वाचला.

२६ ऑक्टोबर १९४२, सांताक्रूझ बेटांजवळचा समुद्र. आता तो ‘शोकाकू’वरून निघाला होता, लक्ष्य होते ‘हॉर्नेट’. तिला दोन टॉर्पेडो आणि अनेक बॉम्ब लागले, पुढे ती बुडाली. मुराता त्या हल्ल्यातच मारला गेला.

लढाई कागदावर जपानने जिंकली. पण विमानांतील सुमारे १४५ माणसे त्या एका दिवसात गेली. मिडवेच्या सुप्रसिद्ध पराभवात हा आकडा ११० च्या आसपास होता. गेलेल्यांत तुकड्यांचे अनुभवी प्रमुख अनेक होते. ‘झुइकाकू’ नौका धडधाकट होती, पण तिच्यावरून उडणारे पुरेसे वैमानिक उरले नव्हते, म्हणून जिंकलेल्या लढाईनंतर तिला जपानला परतावे लागले.