सुरू न होणारा संगणक : दोष कोठे आणि कोणत्या क्रमाने शोधावा?

वाराणसीच्या समोर, गंगेच्या पूर्व तीरावर वसलेले रामनगर काशीनरेशांच्या किल्ल्यासाठी आणि महिनाभर चालणाऱ्या रामलीलेसाठी देशभर ओळखले जाते. या प्राचीन नगरीच्या परिसरातही संगणक आता दैनंदिन व्यवहाराचा भाग झाला आहे. बनारसी साडीवरील नक्षीचे आराखडे संगणकावर तयार होतात, विद्यार्थ्यांचे परीक्षा-अर्ज संगणकावरून भरले जातात आणि दुकानांचे हिशेबही त्यातच असतात. अशा वेळी सकाळी बटण दाबल्यावर संगणक सुरूच झाला नाही, तर केवळ एक यंत्र बंद पडत नाही. कित्येक महिन्यांचे काम त्यात अडकून पडते.

रामनगरसारख्या नदीकाठच्या गावात हा धोका अधिक असतो. मे-जूनमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, वाळवंटावरून बारीक धूळ उडत येते आणि पाठोपाठ दमट पावसाळा सुरू होतो. उष्णता, धूळ आणि ओलावा हे तिन्ही संगणकाचे जुने शत्रू आहेत. दुरुस्तीसाठी शहर गाठणेही पूर्वी सोपे नव्हते. सामने घाट आणि रामनगर यांना जोडणारा पक्का पूल २०१७ मध्ये खुला होईपर्यंत तेथील तरंगता पूल पावसाळ्यात काढला जात असे आणि राजघाटच्या मालवीय पुलाचा वळसा घ्यावा लागत असे. आज मार्ग सुकर झाला आहे. तरीही संगणक उचलून नेण्यापूर्वी घरीच काही गोष्टी तपासता येतात.

संगणक ‘सुरू होतो’ म्हणजे काय?

बटण दाबल्यानंतर चार टप्पे क्रमाने पार पडतात. प्रथम वीजपुरवठा करणारा भाग, म्हणजे एसएमपीएस, घरातील २३० व्होल्ट विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करतो. त्यानंतर मदरबोर्डवरील बायोस अथवा आधुनिक संगणकांतील यूईएफआय ही प्रणाली प्रोसेसर, रॅम, पडदा आणि कळफलक यांची स्वतःहून तपासणी करते. तिसऱ्या टप्प्यात ती हार्ड डिस्कवरील आरंभीचा छोटा प्रोग्रॅम शोधते. जुन्या पद्धतीत हा प्रोग्रॅम डिस्कच्या पहिल्याच ५१२ बाइटच्या खंडात असतो. नव्या पद्धतीत त्यासाठी डिस्कवर एक स्वतंत्र विभाग राखलेला असतो. अखेरीस विंडोज किंवा लिनक्स कामाला लागते.

संगणक यांपैकी कोणत्या टप्प्यावर थांबला, हे ओळखणे म्हणजे निम्मी दुरुस्ती होय. तपासणी नेहमी पहिल्या टप्प्यापासूनच करावी.

दिवा नाही, पंखा नाही

बटण दाबूनही काहीच हालचाल होत नसेल, तर दोष बहुधा विजेच्या मार्गात असतो. भिंतीवरील सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून पाहावे. यूपीएस किंवा एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून संगणक थेट सॉकेटला जोडावा. कॅबिनेटच्या मागील बाजूस असलेला एसएमपीएसचा लहान खटका चुकून बंद झालेला नाही ना, हेही पाहावे. हे सारे ठीक असूनही संगणक निपचित असेल, तर एसएमपीएस बदलून पाहणे हा पुढचा उपाय ठरतो.

एसएमपीएसची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. वीज तोडल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टहून अधिक दाब काही काळ टिकून राहू शकतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो.

पंखा फिरतो, पण पडदा काळा

वीज आली आणि पंखा फिरू लागला, तरी पडद्यावर काहीच उमटत नाही, ही सर्वाधिक आढळणारी तक्रार आहे. प्रथम मॉनिटरची वायर तपासावी. संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल, तर वायर मदरबोर्डला न जोडता त्या कार्डाला जोडलेली असावी.

त्यानंतर रॅमकडे वळावे. दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर सूक्ष्म थर साचतो आणि संपर्क तुटतो. विजेची वायर काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज जाऊ द्यावी. मग रॅमची पट्टी अलगद काढून तिची टोके कोरड्या खोडरबराने हलकेच पुसावीत आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बसेपर्यंत ती परत दाबावी. दोन पट्ट्या असल्यास एका वेळी एकच लावून पाहावी. एवढ्याने अनेक संगणक पूर्ववत होतात.

तपासणीत दोष आढळल्यास काही संगणक ‘बीप’ असा आवाज करतात. किती लांब आणि किती आखूड आवाज आले, ते लिहून ठेवावे. त्यांचा अर्थ बायोस बनविणाऱ्या कंपनीनुसार बदलत असल्याने तो मदरबोर्डच्या पुस्तिकेतूनच पाहणे योग्य ठरते.

संगणक सुरू होऊन काही क्षणांतच बंद पडत असेल, तर प्रोसेसरवरील पंखा फिरतो का आणि त्याखालील पात्यांत धूळ दाटली आहे का, हे पाहावे. मदरबोर्डवरील कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली, तर तो मदरबोर्ड तंत्रज्ञाला दाखवावा. या शतकाच्या पहिल्या दशकात सदोष कपॅसिटरमुळे जगभरातील असंख्य मदरबोर्ड निकामी झाले होते.

तारीख चुकते आणि संदेश येतो

दर वेळी संगणकाचे घड्याळ अनेक वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली असे समजावे. बहुतेक डेस्कटॉपमध्ये ती सीआर २०३२ या क्रमांकाची, ३ व्होल्टची असते आणि घड्याळाच्या दुकानातही मिळते. बॅटरी संपल्यावर बायोसमधील निवडी मूळ स्थितीत जातात. संगणकाने कोणत्या डिस्कवरून सुरू व्हावे, हा क्रम त्यामुळे बदलू शकतो आणि डिस्क सापडत नसल्याचा संदेश येतो. म्हणून नवी बॅटरी घातल्यावर बायोसमध्ये जाऊन तारीख, डिस्कचा क्रम आणि डिस्क जोडणीची पद्धत या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. पेन ड्राइव्ह लावलेला राहिल्यानेही असाच संदेश येऊ शकतो.

विंडोजपाशी अडणारा संगणक

कंपनीचे चिन्ह दिसते, पण पुढे निळा पडदा येतो किंवा संगणक पुन्हा पुन्हा सुरू होतो, तेव्हा दोष बहुधा चौथ्या टप्प्यात असतो. विंडोज १० आणि ११ मध्ये लागोपाठ दोनदा अपयश आल्यास दुरुस्तीचा पडदा सहसा आपोआप उघडतो. तेथून ‘स्टार्टअप रिपेअर’ किंवा ‘सेफ मोड’ निवडता येतो. सेफ मोडमध्ये केवळ अत्यावश्यक भाग सुरू होतात. त्यामुळे नुकताच बसवलेला ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम काढून टाकणे शक्य होते. विंडोज १० साठीचे नियमित मोफत साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, हेही जुन्या संगणकांच्या मालकांनी ध्यानात घ्यावे.

आधी माहिती, मग दुरुस्ती

येथे घाई सर्वांत महाग पडते. विंडोज नव्याने बसविण्याचा सल्ला सहज दिला जातो, परंतु त्यात डिस्कवरील माहिती पुसली जाऊ शकते. त्याऐवजी दुसऱ्या संगणकावर तयार केलेल्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावे. ते डिस्कवर न बसविताही चालते. त्यातून आराखडे, छायाचित्रे आणि कागदपत्रे बाह्य डिस्कवर उतरवून घेता येतात. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर मात्र तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली हाताशी असावी लागते.

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर संगणक तत्काळ बंद करावा. अशा डिस्कवर चेकडिस्कसारखी दुरुस्ती चालविल्यास तिच्यावरील ताण वाढतो आणि उरलेली माहितीही हातची जाण्याचा संभव असतो. हे काम माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञांकडेच सोपवावे.

भूतकाळातील धडे

संगणक सुरूच होऊ न देणारे संकट नवे नाही. ‘मायकेलअँजेलो’ हा विषाणू फ्लॉपीतून शिरून डिस्कच्या आरंभीच्या खंडात दडून बसे आणि ६ मार्च या दिवशी माहिती नष्ट करी. १९९२ मध्ये त्याने जगभर धास्ती निर्माण केली. २६ एप्रिल १९९९ रोजी ‘सीआयएच’ विषाणूने याहून पुढची मजल मारली. काही मदरबोर्डवरील बायोसच त्याने पुसून टाकले. अशाच विषाणूंच्या काळात, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी ‘क्विक हील’ हा विषाणूरोधक प्रोग्रॅम उभा केला.

१९ जुलै २०२४ रोजी तर विषाणू नसतानाही तसेच घडले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हस्तलिखित बोर्डिंग पास देण्यात आले. त्यावरचा उपाय साधाच होता : सेफ मोडमध्ये जाऊन ती सदोष फाइल काढून टाकणे. अनेक ठिकाणी तो एकेका संगणकापाशी बसून करावा लागला.

या सर्व प्रसंगांचा बोध एकच आहे. एसएमपीएस, रॅम आणि बॅटरी बाजारात पुन्हा मिळतात. विणकराने महिनोन्‌महिने खपून तयार केलेला आराखडा मात्र विकत मिळत नाही. त्यामुळे महत्त्वाच्या माहितीची किमान एक प्रत संगणकाबाहेर, वेगळ्या जागी ठेवणे आणि ती उघडते की नाही हे अधूनमधून पडताळणे, हाच सुरू न होणाऱ्या संगणकावरील सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय ठरतो.